सागरजलातील करंडक शैवले : ओळख आणि वर्गीकरण

(किनारपट्टीच्या तालुक्यांतील शिक्षक, पंचायत सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य समुद्राच्या सान्निध्यात गेले आहे. बांगडा कोणता व तारली कोणती, पापलेट कोणते व हलवा कोणता, हे टोपलीकडे दुरून पाहूनही आपण सांगू शकता. या ओळखीवर बाजारातील भाव ठरतो, घरातील कालवण ठरते आणि कोणती मासळी घ्यावी, कोणती टाळावी हेही ठरते. ही विद्या कोणी पुस्तकातून शिकलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून ती आली आहे. आज मी ज्या सजीवांविषयी बोलणार आहे त्यांच्या बाबतीत मात्र अशी परंपरागत विद्या आपणापाशी नाही, कारण ते नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. तथापि समुद्रातील मासळी ज्या अन्नावर पोसली जाते, त्या अन्नाच्या निर्मितीत त्यांचा वाटा फार मोठा आहे. शास्त्रात त्यांना डायाटम म्हणतात. मराठीत त्यांना करंडक शैवले असे सार्थ नाव मिळाले आहे.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. या सूक्ष्म वनस्पतींची नावे अचूक ठरविणे हा केवळ प्रयोगशाळेतील विद्वानांचा छंद नव्हे. मत्स्यव्यवसाय, सार्वजनिक आरोग्य, बंदरांची व्यवस्था आणि प्रसंगी न्यायदान या सर्वांचा त्याच्याशी संबंध येतो. आणि अचूक नावाची सुरुवात मोठ्या उपकरणापासून होत नाही. ती किनाऱ्यावर काळजीपूर्वक भरलेल्या आणि नीट चिठ्ठी लावलेल्या एका बाटलीपासून होते.

करंडक म्हणजे काय?

डायाटम ही एकपेशीय वनस्पती आहे. बहुतेक जातींची लांबी वा व्यास २ ते २०० मायक्रॉनच्या दरम्यान असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या पेशीभोवती सिलिकेचे, म्हणजे वाळूत व काचेत असणाऱ्या द्रव्याचे, पारदर्शक कवच असते. हे कवच दोन भागांचे असून एक भाग दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो. आपल्या घरातील कुंकवाचा करंडा डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे या रचनेची कल्पना येते. कवचावर अतिसूक्ष्म छिद्रांच्या ओळी असतात. त्यांची मांडणी प्रत्येक जातीत ठराविक असते, आणि ओळख पटविण्याचे मुख्य साधन तेच होय.

या करंड्याच्या रचनेमुळे एक मोठी मौजेची गोष्ट घडते. पेशीचे विभाजन होते तेव्हा एका नव्या पेशीस झाकण मिळते व दुसरीस तळ. मात्र दोन्ही पेशी आपापल्या वाट्याचा भाग झाकण म्हणून वापरतात आणि त्याच्या आत बसेल असा नवा तळ तयार करतात. साहजिकच जिला जुना तळ मिळाला ती पेशी मूळच्या पेशीपेक्षा किंचित लहान होते. पिढ्यांमागून पिढ्या जातात तसतसा समुदायाचा सरासरी आकार घटत जातो. शेवटी लैंगिक प्रजननातून एक विशेष प्रकारची पेशी निर्माण होऊन मूळ आकार पुन्हा प्राप्त होतो. ही गोष्ट १८६९ च्या सुमारास मॅकडोनाल्ड आणि फिट्झर या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडली. ओळख पटविणाऱ्यास यातून मिळणारा धडा असा की, केवळ आकारमानावरून जात ठरवू नये. एकाच जातीची मोठी व लहान रूपे एकाच थेंबात असू शकतात.

समुद्राच्या संसारातील स्थान

पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने जे सेंद्रिय द्रव्य निर्माण होते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा डायाटमांच्या वाट्याचा आहे, असे मानले जाते. पाण्यात तरंगणाऱ्या वनस्पतिप्लवकांतील हा प्रमुख गट होय. त्यांना खाणारे सूक्ष्म प्राणी, त्या प्राण्यांना खाणारी लहान मासळी आणि लहान मासळीवर जगणारी मोठी मासळी, अशी ही साखळी आहे. तारलीसारखा मासा तर थेट वनस्पतिप्लवक गाळून खातो. कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांतही पिलांचे पहिले अन्न म्हणून किटोसेरॉस, स्केलेटोनेमा व थॅलॅसिओसिरा या डायाटमांचीच मुद्दाम जोपासना करतात.

त्यांच्या वाढीस इतर वनस्पतींप्रमाणे नायट्रोजन व फॉस्फरस लागतो. पण त्याखेरीज विरघळलेली सिलिकाही लागते. ती कोठून येते? पावसाळ्यात सह्याद्रीचा काळा पाषाण झिजतो, आणि त्यातून सुटलेली सिलिका पश्चिमवाहिनी नद्यांच्या पाण्याबरोबर खाड्यांत व समुद्रात उतरते. डोंगरातील दगड अशा प्रकारे समुद्रातील करंड्याच्या घडणीस लागतो. याउलट, शहरांतील सांडपाण्याबरोबर नायट्रोजन व फॉस्फरस विपुल येतात, सिलिका मात्र त्या प्रमाणात येत नाही. हे प्रमाण बिघडले की सिलिकेची गरज नसलेले इतर प्लवक वरचढ होण्याचा संभव वाढतो. म्हणून एखाद्या खाडीत कोणते डायाटम आहेत, किती आहेत, आणि दहा वर्षांपूर्वी कोणते होते, ही माहिती त्या खाडीच्या प्रकृतीचा एक चांगला निदर्शक ठरते. पण 'कोणते' या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर पुढची सर्व आकडेमोड व्यर्थ होय.

ओळखीची लक्षणे

प्रारंभिक ओळखीसाठी दोन मोठे प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला प्रकार चक्राकार. यात छिद्रांची मांडणी एका मध्याभोवती, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे असते. कॉसिनोडिस्कस हे त्याचे नमुनेदार उदाहरण. त्याच्या तबकडीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. रायझोसोलेनिया सुईसारखा लांब असतो. किटोसेरॉसच्या पेशींना कोपऱ्यांतून लांब शूक फुटलेले असतात व त्यांच्या साहाय्याने साखळी बनते. दुसरा प्रकार पिसासारखा. यात एका मध्यरेषेच्या दोहों बाजूंस छिद्रांच्या ओळी असतात. नॅव्हिक्युलाचा आकार होडीसारखा असतो. थॅलॅसिओनेमाच्या पेशी नागमोडी वा ताऱ्यासारख्या रचनेत जोडलेल्या असतात. पिसासारख्या प्रकारातील पुष्कळ जातींच्या कवचावर एक उभी चीर असते. त्या चिरेतून स्रवणाऱ्या चिकट द्रव्याच्या साहाय्याने त्या सरपटत पुढेमागे जातात. बॅसिलेरिया पॅक्सिलिफेरा या जातीच्या काडीसारख्या पेशी तर एकमेकींवरून सरकत सबंध वसाहत लांब करतात व पुन्हा जवळ आणतात. अठराव्या शतकात ज्यांनी ती प्रथम पाहिली, त्यांना हा प्राणीच वाटला होता.

नवशिक्याची एक चूक नेहमी होते. कॉसिनोडिस्कस वरून पाहिला तर वर्तुळ दिसतो आणि बाजूने पाहिला तर आयत. तेव्हा एकाच जातीच्या दोन जाती नोंदविल्या जातात. करंडा टेबलावर उभा ठेवला काय आणि आडवा ठेवला काय, वस्तू एकच, हे विसरू नये.

येथवरची ओळख शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाने होऊ शकते, पण ती प्रजातीपर्यंत. जात निश्चित करावयाची तर कवचाची लांबी, रुंदी, दर १० मायक्रॉनमध्ये छिद्रांच्या किती ओळी आहेत, चीर कोठे सुरू होते व कोठे संपते, मध्यभागी मोकळी जागा किती आहे, कवचातून बाहेर उघडणाऱ्या नळ्या कोठे व किती आहेत, हे सर्व मोजावे लागते. कित्येकदा त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचाच आश्रय घ्यावा लागतो.

नमुन्यापासून नावापर्यंत

नमुना घेण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, बारीक विणीच्या जाळीतून पाणी गाळणे. सामान्यतः २० मायक्रॉन छिद्राची जाळी वापरतात. या पद्धतीने पुष्कळ माल थोड्या वेळात मिळतो. पण जाळीच्या छिद्राहून लहान डायाटम निसटून जातात. म्हणून 'किती' याचे उत्तर जाळीच्या नमुन्यावरून देऊ नये. त्यासाठी दुसरी पद्धत, म्हणजे ठराविक मापाचे, साधारण एक लिटर, पाणी बाटलीत भरून घेणे. त्यात ल्यूगॉलचे आयोडीन द्रावण थेंबथेंब टाकावे. पाण्याला फिक्या चहाचा रंग आला की पुरे. पेशी हळूहळू तळाशी बसतात. वरचे पाणी अलगद काढून टाकून उरलेल्या साक्यातील पेशी मोजतात.

जात ठरविण्यासाठी कवच स्वच्छ करावे लागते. प्रयोगशाळेत तीव्र आम्लाने वा हायड्रोजन पेरॉक्साइडने पेशीतील सेंद्रिय भाग नाहीसा करतात. ऊर्ध्वपातित पाण्याने पुनःपुन्हा धुऊन राहिलेली कवचे काचपट्टीवर बसवितात. येथे एक अडचण येते. कवच सिलिकेचे, पट्टी काचेची. दोहोंतून प्रकाश जवळजवळ सारखाच वळतो, म्हणून साध्या माध्यमात कवचाची नक्षी दिसेनाशी होते. यास्तव अधिक वक्रीभवनांक असलेली खास राळ वापरतात. ही आम्लाची प्रक्रिया शाळेत कदापि करू नये. ती प्रशिक्षित व्यक्तीने, धुराडे असलेल्या प्रयोगशाळेतच करावयाची आहे.

या सर्व खटाटोपाहून महत्त्वाची वस्तू म्हणजे बाटलीतील चिठ्ठी. विद्यार्थिदशेत एका खाडीत दिवसभर होडीतून फिरून मी बारा बाटल्या भरल्या होत्या. चिठ्ठ्या सुबक अक्षरांत, पण शाईने लिहिल्या आणि बाहेरून डकविल्या. संध्याकाळी होडीच्या तळात साचलेल्या पाण्याने त्यांतील सात चिठ्ठ्या धुऊन निघाल्या. पुढे त्या सात बाटल्यांपैकी एकीत मला फार चांगले नमुने मिळाले. पण ते खाडीच्या मुखाचे की आतल्या गोड्या पाण्याजवळचे, हे मला आजतागायत सांगता येत नाही. ते नमुने टाकून द्यावे लागले. तेव्हापासून मी चिठ्ठी जाड कागदावर, पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकतो. स्थळ, दिनांक, वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचे तापमान, क्षारता आणि गोळा करणाऱ्याचे नाव, एवढी माहिती तीत असलीच पाहिजे. आपल्या कोळी बांधवांच्या हिशेबाप्रमाणे तिथीही लिहावी; उधाणाचे दिवस की भांगाचे, हे तीवरून तत्काळ कळते.

नावाची किंमत : तीन उदाहरणे

१९८७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील संवर्धित शिंपले खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली व किमान तिघे दगावले. वांत्या व डोकेदुखी यांबरोबरच कित्येकांची स्मरणशक्ती गेली, काहींची तर कायमची. शोधाअंती शिंपल्यांत डोमोइक आम्ल नावाचे विष आढळले. हे द्रव्य त्यापूर्वी जपानमधील एका लाल शैवलातून ठाऊक होते. ते शिंपल्यांत कोठून आले? शिंपल्यांच्या पोटात एका डायाटमाची अक्षरशः गर्दी होती. आधी त्याचे नाव निट्झशिया पंजेन्स असे लावले गेले. पण त्या नावाखाली दोन रूपे मोडत होती. साध्या सूक्ष्मदर्शकात ती जुळ्या भावंडांसारखी दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र एकाच्या कवचावरील प्रत्येक पट्ट्यात मोठ्या छिद्रांच्या दोन ओळी आणि दुसऱ्याच्या पट्ट्यात बारीक छिद्रांच्या तीन वा अधिक ओळी दिसतात. विष निर्माण करणारे ते हे दुसरे रूप. नॉर्वेच्या विदुषी ग्रेथ हास्ले यांनी या रूपाचे वर्णन १९६५ मध्येच करून ठेवले होते. त्या वेळी त्याचा काही व्यावहारिक उपयोग होईल असे कोणालाही वाटले नसेल. परंतु बावीस वर्षांनी तेच वर्णन उपयोगी पडले. आज ही जाती स्यूडोनिट्झशिया मल्टिसिरीज या नावाने ओळखली जाते, आणि शिंपल्यांच्या मांसात दर किलोग्रॅमला २० मिलिग्रॅमहून अधिक डोमोइक आम्ल असल्यास ते विक्रीस अयोग्य ठरविण्याचा दंडक अनेक देशांत आहे. शिजविल्याने हे विष नष्ट होत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. स्यूडोनिट्झशिया या प्रजातीच्या नोंदी भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरून झालेल्या आहेत. याचा अर्थ आपल्या तिसऱ्या वा कालवे विषारी आहेत असा मुळीच नव्हे. या प्रजातीतील अनेक जाती निरुपद्रवी आहेत. मात्र त्यातली कोणती जाती आपल्याकडे आहे हे सांगू शकणारी माणसे आपल्याकडे असली पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे उदाहरण बंदरांशी संबंधित आहे. १९०३ साली युरोपच्या उत्तर समुद्रात एक मोठा, सहज ओळखू येणारा डायाटम अचानक विपुल प्रमाणात आढळू लागला. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑस्टेनफेल्ड यांनी तो बिडल्फिया सायनेन्सिस हा पूर्वेकडील समुद्रांतील डायाटम असल्याचे ओळखले, आणि तो जहाजाबरोबर आला असावा असे अनुमान १९०८ मध्ये मांडले. परक्या समुद्रातील जीव जहाजांबरोबर स्थलांतर करतात याचे हे एक अगदी आरंभीचे नोंदलेले उदाहरण होय. ते शक्य झाले याचे कारण, तेथील पाण्याचे नियमित परीक्षण होत होते आणि आधी काय नव्हते हे लिहून ठेवलेले होते. आज जहाजे तोल सांभाळण्यासाठी लाखो लिटर समुद्राचे पाणी एका बंदरात भरतात व दुसऱ्या बंदरात सोडतात. यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये संमत होऊन ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार सोडावयाच्या पाण्यात १० ते ५० मायक्रॉन आकाराचे जिवंत जीव दर मिलिलिटरला १० हून कमी असले पाहिजेत; आणि याच आकारात बहुसंख्य डायाटम मोडतात. या प्रश्नावरील आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी जगातील जी सहा बंदरे निवडली गेली होती, त्यांत आपले मुंबई बंदर होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तिसरे उदाहरण मासळीचे. १९५५ मध्ये नायर व सुब्रह्मण्यन्‌ या संशोधकांनी असे दाखविले की, केरळच्या किनाऱ्यावर फ्रॅजिलॅरिया ओशियानिका या डायाटमाची विपुलता ही तारलीच्या विपुलतेची सूचक आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तळचे पोषकद्रव्ययुक्त पाणी वर येते, डायाटमांची भरभराट होते आणि तारलीचे थवे त्यावर चरतात. मासेमारीच्या दृष्टीने हे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु ज्या नावाने ते नोंदले गेले ती जाती मुळात १८७३ मध्ये क्लेव्ह यांनी उत्तर ध्रुवसमुद्रातील नमुन्यांवरून वर्णिलेली आहे. बर्फाळ पाण्यातील जाती आणि केरळच्या उष्ण पाण्यातील जाती एकच असेल काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. निरीक्षण खरे आहे. नाव मात्र आजच्या साधनांनी पुन्हा पारखून घ्यावयास हवे. अशी पारख करता येते ती जुने नमुने जपून ठेवले असतील तरच.

याच संदर्भात न्यायवैद्यकातील एका उपयोगाचा उल्लेख करतो. पाण्यात सापडलेल्या मृत देहाच्या बाबतीत, मृत्यू बुडून झाला की आधीच झाला, हा प्रश्न पोलिसांपुढे असतो. जिवंत माणूस बुडताना पाणी फुफ्फुसात ओढतो व त्यातील सूक्ष्म डायाटम रक्ताबरोबर अस्थिमज्जेपर्यंत पोहोचू शकतात. तेथे सापडलेले डायाटम आणि घटनास्थळाच्या पाण्यातील डायाटम यांची तुलना करतात. ही चाचणी एकटीच निर्णायक मानली जात नाही; पण ती करावयाची तर त्या जागेच्या पाण्याचा नमुना त्याच वेळी घेतलेला असावा लागतो, आणि तो पुष्कळदा घेतलेलाच नसतो.

वर्गीकरण का बदलते?

शिक्षकबंधू नेहमी विचारतात की, पुस्तकातील नावे वारंवार का बदलतात? उत्तर सरळ आहे. वर्गीकरण म्हणजे नातेसंबंधांविषयीचे आपले मत. पुरावा वाढला की मत सुधारते. वर सांगितलेला बिडल्फिया पुढे ओडोन्टेला या प्रजातीत गेला आणि २०१३ मध्ये ट्रायरीस या प्रजातीत. एकोणिसाव्या शतकापासून एकच जाती मानला गेलेला स्केलेटोनेमा कॉस्टॅटम हा प्रत्यक्षात अनेक जातींचा समूह असल्याचे २००५ मध्ये सप्रमाण दाखविले गेले. आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून असेही दिसून आले आहे की, चक्राकार डायाटम हे सर्व एका मूळ शाखेचे नाहीत. म्हणून २००४ पासून दोन ऐवजी तीन वर्गांची मांडणी पुढे आली. चक्राकार व पिसासारखे ही विभागणी ओळखीसाठी सोयीची आहे, तेव्हा ती शिकवावी. मात्र तीच वंशावळ आहे असे सांगू नये.

वर्णन झालेल्या डायाटम जातींची संख्या १२ हजारांवर आहे. प्रत्यक्षातील जाती किमान ३० हजार, कदाचित १ लाखापर्यंत असाव्यात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आज पाण्यातील आनुवंशिक द्रव्य थेट वाचून कोणते जीव आहेत ते सांगण्याच्या पद्धती आल्या आहेत. त्या उपयुक्त आहेत. परंतु वाचलेल्या क्रमाची ज्या यादीशी तुलना करावयाची, ती यादी कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली कवच पाहून नाव दिलेल्या नमुन्यांवरच उभी असते. यंत्र नावे शोधून काढते. नावे देत नाही.

आपल्या देशातील कार्य

या क्षेत्रात आपल्या देशाची परंपरा अभिमानास्पद आहे. १९४६ मध्ये आर. सुब्रह्मण्यन्‌ यांनी मद्रास किनाऱ्यावरील सागरी प्लवक डायाटमांचा पद्धतशीर वृत्तांत प्रसिद्ध केला. तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. टी. व्ही. देशिकाचारी यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ ते १९८९ या काळात डायाटमांचा सचित्र संग्रह खंडशः प्रकाशित झाला. गोड्या पाण्यातील डायाटमांच्या बाबतीत एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर व राधानगरी परिसरातील जातींची नोंद केली. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून सागरी संशोधन करीत आहे, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायाटमांचा विशेष अभ्यास चालतो. परंतु आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाड्या पुष्कळ आहेत, आणि कवच पाहून नाव सांगू शकणारे अभ्यासक थोडे आहेत. एक माणूस तयार होण्यास दहा वर्षे लागतात. तो निवृत्त झाला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांसाठी प्रथम सांगतो. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर वा खडकावर तपकिरी, बुळबुळीत थर दिसतो. तो बहुधा डायाटमांचा असतो. चमच्याने थोडासा खरवडून समुद्राच्याच पाण्यात न्यावा आणि एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकात चारशे पट मोठा करून पाहावा. होडीच्या आकाराच्या सोनेरी पेशी इकडून तिकडे सरकताना विद्यार्थ्यांना दिसतील. त्यांची चित्रे काढावीत, शेजारी दिनांक लिहावा. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते तेव्हा आणि उन्हाळ्यात खारट होते तेव्हा, अशी वर्षभर एकाच जागेची चित्रे काढली, तर जाती बदलताना दिसतील. नाव ठाऊक नसेल तर 'क्रमांक एक', 'क्रमांक दोन' असे लिहावे. चुकीच्या नावापेक्षा प्रामाणिक क्रमांक केव्हाही श्रेष्ठ.

पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी. समुद्राचे वा खाडीचे पाणी अचानक हिरवे, तांबूस वा तपकिरी झाले, अथवा मासे मरून किनाऱ्यास लागले, तर गावात तर्कवितर्कांना ऊत येतो. कोणी कारखान्यास दोष देतो, कोणी आणखी कशास. दोन दिवसांनी तपासणीस माणूस येतो तेव्हा भरतीने सर्व धुऊन नेलेले असते. म्हणून त्याच तासाला स्वच्छ बाटल्यांत दोन नमुने घ्यावेत. एकात ल्यूगॉलचे द्रावण घालून तो अंधारात ठेवावा. दुसरा काहीही न घालता थंड जागी ठेवावा व शक्य तितक्या लवकर जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र विभागाकडे पोहोचवावा. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयास तत्काळ कळवावे. ल्यूगॉलच्या द्रावणाची एक छोटी बाटली शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. रात्री लाटांत निळसर प्रकाश चमकू लागला तर तेही नोंदवावे. तो डायाटमांचा नसून बहुधा नॉक्टिल्यूका या वेगळ्याच जीवाचा असतो, आणि हा जीव डायाटम खातो. म्हणून त्याची नोंदही उपयुक्तच आहे.

अधिकारीवर्गास माझी विनंती एवढीच की, खाडीतील पाण्याच्या परीक्षणाच्या योजना आखताना केवळ रासायनिक घटकांच्या तक्त्यावर समाधान मानू नये. पाणी त्या क्षणी कसे होते हे रसायनशास्त्र सांगते. गेल्या काही आठवड्यांत त्यावर काय गुदरले हे त्यातील जीव सांगतात. आणि परीक्षण संपल्यावर नमुने फेकून न देता, काचपट्ट्या करून, एखाद्या मान्य संग्रहालयात जमा करण्याची अट कामाच्या आदेशातच घालावी. अहवाल वाचून होतो व कपाटात जातो. काचपट्टी मात्र पन्नास वर्षांनंतरही पुन्हा तपासता येते.

मासळीबाजारात जी चोखंदळ नजर आपण वापरतो, तिचाच विस्तार पाण्याच्या थेंबापर्यंत करावयाचा आहे. १९६५ मध्ये कोणी एकीने छिद्रांच्या ओळी मोजून ठेवल्या म्हणून १९८७ मध्ये विषाचा उगम सापडला. आज आपल्या गावाच्या धक्क्यावर, भरतीची वेळ पाहून, पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी बाटलीत टाकली जाईल, तिचा उपयोग कोणाला व केव्हा होईल हे आपणास सांगता येणार नाही. तरीही ती टाकून ठेवावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.